बादलीभर एसीचं पाणी, घरभर वाद

पत्र : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीला उन्हाळाभर टँकर लागतो. हॉलमध्ये दीड टनाचा आणि बेडरूममध्ये एक टनाचा स्प्लिट एसी आहे. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी दोन्ही एसींच्या पाण्याच्या नळ्या बाल्कनीत घेऊन खाली बादल्या लावल्या आहेत. इथवर माझी काही तक्रार नाही. पण परवा त्यात टीडीएस मीटर बुडवून, ‘बावीस! आपल्या आरओपेक्षा चांगलं,’ असं म्हणत ह्यांनी प्यायची बाटली भरायला घेतली. मुलगा म्हणतो इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू, डिस्टिल्डच तर आहे. सासूबाईंना देवपूजेला हवंय, कारण त्याला कुणाचा हात लागलेला नाही. खालच्या वहिनी मात्र वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं म्हणून दोनदा वर येऊन गेल्या. त्यात नागपूरच्या बहिणीचा फोन, की तिचा एसी मे महिन्यात थेंबही देत नाही, मेकॅनिक बोलवू का? आता ह्यांनी हे पाणी शुद्ध करायचं यंत्र बघून ठेवलंय. तुम्हीच एकदा काय ते सांगा.
— एक वाचक, ठाणे

ताई,

बाटली आधी रिकामी करा. बाकीचं सावकाश बोलू.

यजमानांचं मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला जे कळत नाही तेच ते त्याला विचारताहेत. फ्रिजमधलं पाणी ओतलं की स्टीलचा तांब्या बाहेरून घामेजतो ना, तेच एसीच्या आत चाललेलं असतं. आतल्या युनिटमध्ये थंडगार कॉइल असते, पंखा खोलीतली हवा तिच्यावरून फिरवतो, हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन साचते, ओघळून खालच्या ट्रेमध्ये उतरते आणि नळीतून बाहेर पडते. वाफेबरोबर क्षार येत नाहीत, म्हणून आकडा बावीस. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू, बुरशी, धूळ यांचा त्याला पत्ताच नसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे हे खरं, पण ती कितीतरी कसोट्यांपैकी एक. एका विषयात पैकीच्या पैकी मिळाले म्हणून पोरगा पास होत नाही.

आता हे पाणी कशावरून वाहत येतं ते बघा. किंबहुना यजमानांनाच दाखवा, माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. एसी बंद करून मेन स्विच पाडायचा, पुढचं झाकण उचलायचं, जाळ्या काढायच्या आणि आत टॉर्च मारायचा. कॉइलच्या बारीक पात्यांमध्ये करड्या लोकरीसारखा थर दिसेल. त्यात कपड्यांचे तंतू असतात, अंगावरचा कोंडा असतो, फोडणीचा तेलकट धूर आणि उदबत्तीची काजळीही असते. कायम ओली, कायम अंधारी जागा, म्हणजे बुरशीला माहेरच. मग बाल्कनीत जाऊन नळीच्या टोकात बोट घालून फिरवायला सांगा. बोटाला काळपट बुळबुळीत साय लागेल. पाणी ह्या सगळ्यातून येतं. शिवाय कॉइल तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची, तिचे जोड वेगळ्या धातूचे, त्यांचा अंश पाण्यात उतरू शकतो. पालिकेच्या पाण्यात निदान क्लोरीन असतं. ह्यात तेही नाही, त्यामुळे साठवलं की जंतूंना रान मोकळं.

‘मग उकळून घेऊ’ हा पुढचा प्रश्न येणार. उकळल्याने जंतू मरतील, पण धातू जाणार नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढेल.

त्याच्याही पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण तुम्ही ठाणेकर आहात. 2022 मध्ये मध्य रेल्वेने दादर, ठाणे अशा काही स्टेशनांवर हवेतून पाणी काढून विकणारी ‘मेघदूत’ यंत्रं बसवायचं ठरवलं, त्याच्या बातम्या झाल्या होत्या. तिथलं चालतं तर आमचं का नाही? तर तत्त्व एकच असलं तरी अशी यंत्रं मुळात पिण्याच्या पाण्यासाठीच बनवलेली असतात. आत येणारी हवा गाळलेली, पाणी जिथे जिथे लागतं ते भाग अन्नपदार्थांना चालतील असे, पुढे फिल्टर आणि जंतू मारायची सोय. तुमचा एसी खोली गार करायला बनवलाय. पाणी हा त्याचा सांडवा आहे. दुबईच्या बुर्ज खलिफाचा व्हिडिओ यजमानांच्या फोनवर एव्हाना आलाच असेल. तिथे एसीचं पाणी वर्षाला सुमारे दीड कोटी गॅलन, म्हणजे साधारण पावणेसहा कोटी लिटर, गोळा होतं हे खरं आहे. पण एवढा खटाटोप करून ते तिथे बागेलाच घालतात.

आपल्या घरांतून वापरायचं पाणी आणि प्यायचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या वेगळं ठेवलेलं आहे. हे वापरायच्या पिंपातलं. एवढं घरात एकदा सगळ्यांनी मान्य केलं की निम्मे वाद आपोआप मिटतात.

सासूबाईंचा त्यातच निकाल लागतो. देवांच्या अंघोळीचं पाणी तीर्थ म्हणून तोंडात जातं, तेव्हा ते नको. त्यांना टॉर्चचा प्रयोग दाखवायचीही गरज नाही. ‘पंख्यावरच्या धुळीतून गाळून आलेलं आहे’ एवढं सांगा, त्या स्वतःच नको म्हणतील. तुळशीला मात्र खुशाल घालू द्या.

चिरंजीवांच्या बॅटरीबद्दल जरा तपशिलात सांगते, कारण ही सूचना घरोघरी फिरतेय आणि बरेच जण बिनदिक्कत तसं करतातही. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी फक्त पाणी पिते, आम्ल आतच राहतं. म्हणजे वरून घातलेल्या पाण्यात जी काही घाण असेल ती दर खेपेला आत साचत जाते, बाहेर पडायला वाट नाही. तांबं किंवा लोखंड अगदी थोडं गेलं तरी बॅटरी वापरात नसतानाही हळूहळू आपली आपण उतरायला लागते. सहा महिन्यांत काही कळत नाही, म्हणून लोक म्हणतात, आमच्याकडे तर काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी बॅकअप निम्म्यावर आला की दोष कंपनीला. बॅटरीत घालायच्या पाण्याचं भारतीय मानकच वेगळं आहे, त्यात लोखंड, क्लोराइड अशा गोष्टींच्या मर्यादा ठरलेल्या असतात. धूळ धुऊन आलेलं पाणी त्या मर्यादांत बसतं की नाही हे बावीसचा आकडा सांगू शकत नाही. बॅटरीला वर्षाकाठी लागतं काही लिटर पाणी. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन शे-दीडशे रुपयांत मिळतो आणि बॅटरी पंधरा हजारांच्या घरात जाते. इथे काटकसर करायची नाही.

ह्याच कारणाने गाडीच्या रेडिएटरला नको, फिशटँकला तर अजिबात नको. तांब्याचा अंश माशांना बाधतो, कोळंबीला तर फारच. वाफ घ्यायच्या मशीनमध्ये, नेब्युलायझरमध्ये, ह्युमिडिफायरमध्ये नको, कारण मग ते थेट छातीत जातं. उन्हाळ्यात गॅलरीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवत असाल तर तेही साधं नळाचं ठेवा.

आता पाणी मिळतं किती, ते बघू. बहिणीचं उत्तरही त्यातच आहे. ठाण्यात मे महिन्याच्या रात्री 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत 24 ग्रॅमच्या आसपास वाफ असते. एसीने खोली 25 अंशांवर आणली की त्यातली साधारण निम्मी राहते, उरलेली बादलीत. एक टनाच्या एसीतून अशा दमट रात्री तासाला अर्धा ते एक लिटर धरायला हरकत नाही. म्हणजे बेडरूमचा एसी रात्रभर चालला तर चार ते आठ लिटर, हॉलचा दोन-तीन तास चालला तर आणखी दोन-तीन. इन्व्हर्टर एसी असेल आणि खोली लवकर गार होत असेल तर कमी. जानेवारीत नावालाच.

नागपूरचं गणित उलटं आहे. तिथे मे महिन्याच्या दुपारी 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असली, तर घनमीटरभर हवेत वाफ जेमतेम 9 ग्रॅम. ही वाफ पाणी व्हायला कॉइल 11 अंशांच्याही खाली जायला लागते आणि गेली तरी हाती चार थेंब. तिकडचे लोक कूलर लावतात तो काय उगीच? कोरड्या हवेला पाणी पाजून गारवा मिळतो, म्हणून तिथे पाणी खर्च होतं. आपल्याकडे दमट हवेत कूलर चालत नाही, एसीला मात्र पाणी सुटतं. तेव्हा बहिणीला विचारा, खोली नीट गार होतेय का? होत असेल तर मेकॅनिकची फी वाचली. जुलैमध्ये त्याच एसीला धार लागेल. ऑगस्टमध्येही नळी कोरडी आणि खोलीतल्या भिंतीवरून ओघळ आला, तर मात्र नळी तुंबली असं समजून बोलवा. आणि नळी कोरडी असून खोलीही गार होत नसेल तर गॅस तपासायला सांगा.

तुमच्याकडे दिवसाला दहा लिटरच्या आतबाहेर हाती येईल असं धरून चला. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी लागतं असं धरून योजना आखतात. चौघांच्या घरात त्यापुढे दहा लिटर म्हणजे काही टँकर बंद होणार नाही, पण फरशी पुसण्याचं आणि कुंड्यांचं पाणी सुटलं. (यजमानांना एक आधीच सांगून ठेवा, बादली भरावी म्हणून एसी लावून बसायचं नाही. विजेच्या बिलात हे पाणी बाटलीबंद पाण्याच्या जवळपास जाईल.)

ह्या पाण्याचं खरं मोल लिटरात नाही, ते मऊ आहे यात आहे. टँकरचं पाणी बहुतेक वेळा बोअरचं, जड. त्याने काच पुसली की पांढरे ओघळ राहतात, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. तिथे एसीचं पाणी कामाला येतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, गाडीवरून शेवटचा हात, पायपुसणी आणि मोजे भिजत घालणं, फरशी, फ्लश. फरशीला वापरणार असाल तर कामाच्या मावशींना आधी सांगा, नाहीतर बाल्कनीतल्या बादल्या त्या इमानदारीत मोरीत ओततील.

झाडांना चालतं, मोगरा-तुळस-नेचे तर खूश होतात. पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम काही नाही, तेव्हा महिनोन्‌महिने फक्त हेच घालू नका. एक दिवस हे, एक दिवस साधं, आणि मधूनमधून मूठभर शेणखत किंवा कंपोस्ट. भर दुपारी गार पाणी तापलेल्या कुंडीत ओतू नका. पुदिना, कोथिंबीर असं कच्चं खायचं काही लावलं असेल तर त्याला साधंच पाणी द्या. आणि एसीची सर्व्हिसिंग होईल त्या दिवशीचं व दुसऱ्या दिवशीचं पाणी सरळ मोरीत जाऊ द्या. कॉइल धुवायला ते लोक जे केमिकल मारतात ते त्यात उतरतं.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि मला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटते. बादल्या उघड्या आहेत का? डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला गटार लागत नाही, त्याला असंच नितळ, साचलेलं, सावलीतलं पाणी हवं असतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हापावसाच्या दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, बादलीच्या आतल्या भिंतीला चिकटवून, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून बादली नुसती उपडी करून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतून काथ्याने खसखसून घासायची आणि उन्हात पालथी घालायची. पालिका ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ असं सांगते ते ह्यासाठीच. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्यांना बाल्कनीत अळ्या सापडल्या तर नोटीसही हातात पडते.

बादल्यांऐवजी झाकणाचा, अपारदर्शक वीस लिटरचा कॅन घ्या. निळा किंवा काळा, म्हणजे शेवाळ धरत नाही. झाकणाला नळीपुरतं भोक पाडायचं, उरलेल्या फटीला मच्छरदाणीची जाळी चिकटवायची आणि तळाशी एक तोटी लावायची. आजचं पाणी आज नाहीतर उद्या संपलं पाहिजे. गावाला जाताना कॅन रिकामा, पालथा.

आता खालच्या वहिनी. त्यांचं गाऱ्हाणं शंभर टक्के रास्त आहे, आणि गंमत म्हणजे ठिबकणारं पाणी बादलीच्या नळीतलं असेलच असं नाही. आतल्या युनिटमधून बाहेरच्या युनिटकडे दोन तांब्याच्या नळ्या जातात. त्यांच्यावर काळं स्पंजासारखं आवरण असतं. उन्हापावसाने आणि कबुतरांच्या चोचींनी ते दोन-चार वर्षांत फाटतं, मग उघडी पडलेली गार नळी बाहेरच घामेजते आणि तिथून थेंब थेंब खाली. यजमान बादलीत बघत बसतात आणि पाणी तिसरीकडूनच पडतं. आवरण बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र खिडकीबाहेर लटकून ते घरच्या कुणी करायचं नाही, पट्टा लावून काम करणाऱ्या माणसालाच बोलवा.

तो आलाच आहे तर पाण्याच्या नळीचंही करून घ्या. भिंतीबाहेर ती वळ्यावळ्यांची मऊ नळी लोंबकळत असेल तर काढून तिथपासून एक इंची पीव्हीसी पाइप घ्या, दर तीन-चार फुटांवर क्लॅम्प मारा. उतार शेवटपर्यंत एकसारखा हवा. मध्ये कुठे नळीला पोट पडलं की तिथे पाणी साचतं, साय धरते आणि एक दिवस पाणी उलटं फिरून बेडरूमच्या भिंतीवरून खाली येतं. नळीचं टोक कॅनमधल्या पाण्यात बुडू देऊ नका, हवा अडते आणि गुडगुड आवाज करत पाणी तुंबतं. कॅनच्या गळ्याशी एक छोटी ओव्हरफ्लोची नळी काढून ती बाल्कनीच्या नहाणी ट्रॅपवर सोडा. वर चार बोटं अंतर ठेवून सोडा, आत खुपसू नका. एसीची नळी थेट सांडपाण्याच्या पाइपला जोडली की तिथला वास आणि झुरळं त्याच वाटेने तुमच्या खोलीत येतात. रात्री दोन वाजता कॅन भरला तरी वहिनींच्या साड्या आता कोरड्या राहतील.

यजमानांच्या उत्साहाला मात्र मी नावं ठेवणार नाही, त्याला जरा मोठं काम द्या. तुमच्या सोसायटीत शंभर घरं असतील आणि घरामागे सात-आठ लिटर जरी धरलं, तरी रात्रीत सात-आठशे लिटर होतात. उन्हाळ्यात महिन्याला वीस हजार लिटरच्या वर, म्हणजे दहा हजारी टँकर दोन. प्रत्येकाच्या बाल्कनीत कॅन ठेवून ते साधणार नाही. एका उभ्या ओळीतल्या घरांच्या नळ्या एका पाइपात घेऊन तळमजल्यावर झाकणबंद टाकीत सोडायच्या आणि ते पाणी बागेला, जिने धुवायला आणि वॉचमनच्या संडासाच्या फ्लशला वापरायचं. जुन्या इमारतीला बाहेरून पाइप टाकायचे म्हणजे परांची बांधायचा खर्च येतो, म्हणून हे रंगकामाच्या वर्षी जोडून घ्यावं. परांची तेव्हा लागलेलीच असते. रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू असेल तर प्लंबिंगच्या नकाशातच मागून घ्या, तेव्हा खर्च फारसा जाणवत नाही. सर्वसाधारण सभेत हा विषय मांडायला निवृत्त आणि हातात मीटर असलेला माणूस उत्तम.

राहिलं ते शुद्ध करायचं यंत्र. घेऊ नका. दिवसाच्या दहा लिटरसाठी फिल्टर, जंतू मारणारा यूव्ही दिवा, त्यांची वर्षाची बदली, आणि हे सगळं प्यायचं पाणी करायला, जे तुमच्या घरात आरओने आधीच होतंय. त्यापेक्षा पाइप, क्लॅम्प, कॅन, तोटी आणि नळीचं आवरण एवढ्याची यादी करून प्लंबरला ह्याच रविवारी बोलवा, आणि तो येईल तेव्हा खालच्या वहिनींनाही वर बोलवा. ठिबकतं नेमकं कुठून, ते खालून त्यांनाच नीट दिसलेलं असणार.